कावळ्याला काय सांगायचं

सिद्धिविनायकाच्या देवळात चांदीचे दोन मोठे उंदीर आहेत. दर्शन झालं की लोक त्यांच्यापाशी थांबतात, तळव्याने उंदराचा एक कान झाकतात आणि दुसऱ्या कानाला तोंड लावून आपलं काम सांगतात. कान झाकायचा तो एवढ्यासाठी, की या कानातून घातलेलं त्या कानातून बाहेर पडू नये. मंगळवारी तिथे जरा बाजूला उभं राहून नुसते चेहरे बघावेत. ऐकू काहीच येत नाही, पण कुजबुज किती लांबली यावरून प्रकरण किती अडलेलं आहे ते समजतं. कॉलेजातली पोरं पटकन आटपतात. साठीच्या बाया मात्र उंदराला सगळी पार्श्वभूमी देतात.

मुंबईत राहायला जागा नसेल, मागायला भरपूर आहे. आमच्या लालबागच्या राजाला तर रांगाच दोन, नवसाची निराळी आणि मुखदर्शनाची निराळी. त्या मंडळाचा जन्मच मुळी नवसातला. पेरू चाळीतला बाजार 1932 साली बंद पडला, तेव्हा उघड्यावर बसून धंदा करणाऱ्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी बाजाराला हक्काची जागा मिळू दे म्हणून गणपतीला साकडं घातलं. जागा मिळाली आणि 1934 पासून तिथे गणपती बसू लागला. वांद्र्याला मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेत मेणाची घरं विकत मिळतात. ती वाहिली की खरं घर होतं अशी श्रद्धा आहे, आणि ती वाहणाऱ्यांत कुंकू लावलेल्या बायका काही कमी नसतात. ज्या देवीवरून शहराला नाव मिळालं ती मुंबादेवी राहते कुठे, तर झवेरी बाजाराला लागून.

आता याच माणसांच्या घरी सकाळी सहाला काय चालू असतं ते बघा. कुणी मनाचे श्लोक म्हणत असतं, ‘नको रे मना काम नाना विकारी’. कुणी गोंदवलेकर महाराजांचं त्या तारखेचं प्रवचन वाचत असतं. कुणी गीतेचा दुसरा अध्याय उघडून स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर बोट ठेवतं: ‘प्रजहाति यदा कामान्सर्वान्पार्थ मनोगतान्’, मनातल्या सगळ्या कामना टाकून जो आपल्या आतच संतुष्ट असतो तो स्थितप्रज्ञ. वाचून झालं की चष्मा काढायचा, पोथी मिटायची आणि मंगळवार असेल तर प्रभादेवीची बस पकडायची. माझी आई जन्मभर हेच करत आली आहे. तिला यात काही विसंगत वाटत नाही. मला पूर्वी फार वाटायचं.

यावर कीर्तनात हशा मिळवणं सोपं आहे. तुकोबांनी सरळ विचारून ठेवलंय, ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती ॥’. हे ऐकून मांडव खो खो हसतो, त्यात नवस बोलून आलेल्याही हसतात. तुकोबांना तो अधिकार होता. पण हल्ली जो उठतो तो नवसवाल्यांना खालच्या इयत्तेत बसवतो आणि स्वतः निष्काम असल्यासारखा ऐटीत घरी जातो, त्याचा मला कंटाळा येतो. इच्छा सोडा म्हणणं फार सोपं. सोडायची म्हणजे नेमकं करायचं काय? आणि सोडून ठेवायची कुठे?

तशी आपल्याकडे सोडण्याची परंपरा दांडगी आहे. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी सोडायची, पण त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, जे जे म्हणून कांद्याचं होतं ते पोटभर हाणून घ्यायचं. श्रावणात मासे-मटण सोडायचं, पण आदल्या अमावास्येला गटारी. एकादशीला अन्न सोडायचं, म्हणूनच तर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’. काशीला गेलं की आवडतं एखादं फळ नाहीतर भाजी कायमची सोडून यायची रीत आहे. आमच्या ओळखीतल्या एक आजी कारलं सोडून आल्या. कारलं त्यांनी जन्मात कधी आवडीने खाल्लं नव्हतं, पण हे विश्वेश्वराला जाऊन सांगणार कोण!

गीतेला हे आपलं सगळं ठाऊक असल्यासारखं वाटतं. त्याच दुसऱ्या अध्यायात आहे: ‘विषया विनिवर्तन्ते निराहारस्य देहिनः । रसवर्जं’. खाणं बंद केलं की विषय लांब जातात, पण चव मात्र मागे राहते. ती परमतत्त्वाचं दर्शन झाल्यावरच जाते, असं पुढे म्हटलंय. गटारीच्या रात्री लालबाग-परळच्या कुठल्याही मटणाच्या दुकानासमोरची रांग बघितली की ‘रसवर्जं’वर वेगळं भाष्य लागत नाही.

पुढचे श्लोक मला जास्त कामाचे वाटतात. ‘ध्यायतो विषयान्पुंसः संगस्तेषूपजायते’. वस्तूचा नुसता विचार करत राहिलं की तिच्याशी लगट होते, लगटीतून काम, कामातून क्रोध, आणि तिथून घसरगुंडी थेट बुद्धिनाशापर्यंत. लक्षात घ्या, सुरुवात हव्यासापासून केलेली नाही. सुरुवात आहे ती सहज बघण्यापासून. रात्री झोपण्याआधी माझा भाऊ फोनवर फ्लॅटचे फोटो बघतो. घ्यायचा नाही, परवडायचा तर अजिबात नाही, नुसतं बघतो. ‘बघायला काय पैसे पडतात?’ असं त्याचं म्हणणं. सकाळी उठतो तेव्हा आहे ती खोली त्याला लहान वाटू लागलेली असते आणि चहा उशिरा मिळाला म्हणून तो बायकोवर डाफरतो. फोटो ते डाफरणं, सगळी शिडी एका रात्रीत.

आणि मग तो समुद्राचा श्लोक. चहूकडून पाणी येऊन मिळत राहतं तरी समुद्र आपली मर्यादा सोडत नाही, तशा सगळ्या कामना ज्याच्यात शिरतात आणि तरी जो हलत नाही त्याला शांती मिळते. कामनांच्या मागे धावणाऱ्याला नाही. यात नद्या अडवायला सांगितलेलं नाही, हे विशेष. पाणी येणारच. प्रश्न एवढाच, की ते जिथे येतं ती जागा केवढी. वरळीला समुद्रासमोर उभं राहून हा श्लोक आठवला की क्षणभर आपणही तसेच विशाल आहोत असं वाटतं. पण भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की समुद्राला काही होत नाही, पाणी तुंबतं ते दादरच्या सखल हिंदमाताला. आपण बहुतेक जण हिंदमाता आहोत. चार सरी पडल्या की गुडघाभर.

भोगून इच्छा संपते का, याचा निकाल महाभारताने फार आधी लावून टाकला. ययातीला ऐन उमेदीत म्हातारपणाचा शाप मिळाला. त्याने मुलांकडे तारुण्य मागितलं. बाकीच्यांनी नकार दिला, धाकट्या पुरूने दिलं. हजार वर्षं उपभोग घेऊन ययाती ज्या निष्कर्षाला आला तो श्लोक सगळ्यांना पाठ असतो, ‘न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति’, तूप ओतल्याने आग विझत नाही, भडकते. त्यानंतर त्याने काय केलं, इकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. त्याने तारुण्य पुरूला परत दिलं, राज्यही त्याच्या हवाली केलं आणि मग वनात गेला. बोध होऊन तो मोकळा झाला असं आपण म्हणतो. मला वाटतं, परत देऊन मोकळा झाला. नुसता बोध घेऊन गादीवर बसून राहिला असता तर पुरू तसाच म्हातारा राहिला असता.

हे मला सुचलं ते बाणगंगेवर.

बाबा सिंधुदुर्गातून विशीच्या आत मुंबईला आले आणि गिरणीत साचेखात्यात लागले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. पुढे काय झालं ते गिरणगावातल्या कुणालाही सांगायला नको. संपानंतर त्यांनी आयुष्यभर रात्रपाळीची वॉचमनकी केली. आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो आणि त्या खोलीत बाबांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. वाढदिवसाला विचारलं तर म्हणायचे, ‘माका काय व्हया?’ एवढंच. तो प्रश्न होता की उत्तर, ते अजून माहीत नाही. आम्ही त्यांना समाधानी समजायचो. समजायला सोयीचं होतं.

ते गेल्यावर दहाव्याला आम्ही वाळकेश्वरला बाणगंगेवर गेलो. वर मलबार हिलचे टॉवर, खाली दगडी पायऱ्या आणि हिरवट पाणी. सकाळची वेळ म्हणजे तिथे दहाव्यांची गर्दी, जागोजागी मुंडण केलेले मुलगे आणि त्यांच्यासमोर पिंड. भावाने पिंड ठेवला. सोबत चहाचा कप, खारी आणि बाबांची तंबाखूची पुडी. सगळे चार पायऱ्या मागे सरकून हात जोडून उभे राहिले. बाणगंगेवर कावळ्यांना तोटा नाही. एक आला, कठड्यावर बसला, मान वाकडी करून आमच्या पिंडाकडे बघितलं आणि उडून शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर जाऊन बसला. त्यांच्यात समाधानाची एक कुजबुज झाली. आमच्यात कुणी काही बोललं नाही.

मग सुरू झालं. ज्यांनी हे बघितलंय त्यांना ठाऊक आहे. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची वासना कशात तरी अडकली आहे, आणि ती कशात ते ओळखून कुणीतरी मोठ्याने कबूल करायला हवं. भाऊ म्हणाला, ‘बाबा, आईला सांभाळीन.’ कावळा नाही. काका पुढे आले. गावच्या घराचं छप्पर वर्षानुवर्षं गळत होतं आणि त्यावरून दोघा भावांत बोलणं जवळजवळ बंद होतं. काका भरल्या आवाजात म्हणाले, ‘दादा, घराचे नळे मी परतून घेतंय. तू काळजी करू नको.’ कावळा नाही. गिरणीतले एक जुने सोबती म्हणाले, ‘गिरणी कामगारांच्या घरासाठी तुझा फॉर्म भरलेला आहे, पोरांना घर मिळेपर्यंत मी पाठपुरावा करीन.’ कावळा नाही. तेवढ्यात आत्याने मला हाताला धरून पुढे ओढलं आणि सगळ्या बाणगंगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘दादा, हिचा लगीन आमी करतलव!’ सगळे माझ्याकडे बघू लागले. शेजारचं कुटुंबसुद्धा. कावळ्याने ढुंकूनही बघितलं नाही. त्या क्षणी मला कावळ्याविषयी जो आदर वाटला तो अजून टिकून आहे.

बराच वेळ गेला. गुरुजींची पुढची मंडळी खोळंबली होती. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी पूर्ण झाला. शास्त्रात तशी सोय आहे. आम्ही अंघोळी करून परतलो. बाबांना काय हवं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आता कळणारही नाही.

पण पुढे जे झालं ते सांगण्यासारखं आहे. काकांनी त्या पावसाळ्याआधी खरोखरच छप्पर नीट करून घेतलं. खर्चाचा वाद होता तो त्यांनी काढलाच नाही. म्हणाले, ‘सगळ्यांदेखत बोललंय.’ भावाने आईला सोडून दुसरीकडे बिऱ्हाड केलं नाही. गिरणीतले काका फॉर्मच्या कागदांची फाइल घेऊन अजून खेटे घालतात. (माझ्या लग्नाचा मुद्दा त्या दिवशीच निकालात निघाला होता, तो कुणी परत उकरून काढला नाही.) कावळ्याने एकाही वचनाला संमती दिली नव्हती. तरी एका माणसाच्या असलेल्या-नसलेल्या इच्छा तीन जणांनी अंगावर घेतल्या आणि त्या त्यांना सोडवेनात.

कठोपनिषदात म्हटलंय, ‘यदा सर्वे प्रमुच्यन्ते कामा येऽस्य हृदि श्रिताः’: हृदयाला बिलगून बसलेल्या सगळ्या कामना सुटतात तेव्हा मर्त्य अमर होतो, इथेच ब्रह्माला पोचतो. मी हे वाचते तेव्हा मला गुहेतला एकटा साधक दिसत नाही. बाणगंगेवरचा तो गलका ऐकू येतो. कामना सुटतात हे खरं असेलही, पण मोकळ्या हवेत त्या विरून जात नाहीत. कुणाच्या तरी ओंजळीत जाऊन पडतात.

जुन्या गोष्टी या नजरेने वाचल्या की गंमत होते. बृहदारण्यकातले याज्ञवल्क्य घर सोडून निघतात, पण निघण्याआधी काय करतात? दोन्ही बायकांत वाटणी करायला बसतात. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सगळी पृथ्वी माझी झाली तर मी अमर होईन का? ते नाही म्हणतात. मग ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू, असं ती म्हणते आणि उपनिषद तिच्या मागे जातं. जावंच. पण मला कधी कधी कात्यायनी आठवते. तिने आपला वाटा घेतला असणार, गोठा बघितला असणार, आल्या-गेल्याला वाढलं असणार. कुणीतरी ते घेतल्याशिवाय याज्ञवल्क्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता. तुकोबांचंही तसंच. परंपरा सांगते की सावकारीची खतं त्यांनी वाटली, अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. बुडवली ते सगळे सांगतात. कान्होबाला दिली हे निम्मं जण विसरतात. मला तोच भाग जवळचा वाटतो. आपली विरक्ती भावावर लादली नाही, त्याचा हिस्सा त्याच्या हातात ठेवला.

‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असो द्यावें समाधान ॥’ हा अभंग आमच्या चाळीत इतक्यांदा ऐकलाय, आणि बहुतेक वेळा कुणाचं तरी तोंड बंद करायला. पगार वाढत नाही? ठेविले अनंते. नळाला पाणी नाही? ठेविले अनंते. शेवटचा चरण मात्र कुणी म्हणायचं नाही: ‘तुका म्हणे घालूं तयावरी भार । वाहूं हा संसार देवापायीं ॥’. गुपचूप सोसा असं तुकोबा म्हणत नाहीत. ओझं त्याच्यावर घालू म्हणतात. आणि ओझं कुणावर तरी घालायचं तर आधी ते आहे हे कबूल करावं लागतं. उंदराच्या कानाशी वाकलेली बाई निदान तेवढं तरी करते. बाबांनी ते कधी केलं नाही.

खेतवाडीच्या गल्लीत निसर्गदत्त महाराज राहायचे. मूळचे मारुती शिवरामपंत कांबळी, जन्म 1897 चा, लहानपण आमच्याच सिंधुदुर्गातल्या कांदळगावात गेलेलं, मुंबईत विड्यांचं दुकान. सिद्धरामेश्वर महाराज हे त्यांचे गुरू. ते 1936 साली गेल्यावर निसर्गदत्त घर, दुकान सगळं सोडून भटकंतीला निघून गेले. ही गोष्ट इथेच संपली असती तर ती शेकडो गोष्टींसारखीच झाली असती. पण पुढच्या काही काळात ते मुंबईला परतले, पुन्हा दुकानात बसले, संसार केला. 1981 साली गेले तोवर घरातल्या माळ्यावर त्यांची बैठक चालायची. देशोदेशीची माणसं लाकडी जिना चढून यायची, हे मराठीत बोलायचे, कुणीतरी भाषांतर करायचं, आणि हातात विडी असायची. मुंबईच्या खोलीत माळा कशासाठी असतो ते इथे राहिलेल्याला ठाऊक आहे. लागत नाही पण टाकवतही नाही ते सगळं तिथे जातं. त्याच जागेत बसून हा माणूस ‘तू जे जे धरून बसलायस ते तू नव्हेस’ अशा अर्थाचं सांगत राहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पूजेला बसलं की गुरुजी सुरुवातीलाच संकल्प सोडायला लावतात. त्यात काय नसतं? ‘मम आत्मनः श्रुतिस्मृतिपुराणोक्तफलप्राप्त्यर्थं’ इथून जी यादी सुरू होते ती सहकुटुंब सपरिवार क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य अशी चढत जाते. मध्येच आपलं लक्ष उडतं, गुरुजी म्हणतात, ‘मम म्हणा’, आपण म्हणतो ‘मम’, आणि पळीभर पाणी ताम्हनात जातं. त्याच पूजेच्या शेवटी तेच गुरुजी पुन्हा हातावर पाणी घालतात आणि केलेली पूजा ज्या देवाची त्याला अर्पण करून ‘न मम’ म्हणायला लावतात. होमात तर प्रत्येक आहुतीला हेच, अग्नीला दिलं, ‘इदं न मम’. मागणं आणि सोडणं एकाच पाटावर, एकाच ताम्हनात, मध्ये फार तर दोन तासांचं अंतर. आधी मागायचंच नाही असं कुणी सांगितलेलं नाही. मागणं नीट, नावागावासकट, गोत्रासकट उच्चारायचं आणि मग त्याचं जे काही होईल त्यावरचा हात काढून घ्यायचा. हात काढणं अवघड असतं म्हणूनच कदाचित पाणी सोडायला लावतात. पाणी धरून ठेवता येत नाही.

ज्ञानेश्वरांनी गीतेवर नऊ हजार ओव्या लिहिल्या, त्यात निष्कामतेचा किती पानांचा विस्तार आहे ते वाचणाऱ्यालाच माहीत. 1290 साली नेवाशाला तो ग्रंथ पुरा झाला आणि शेवटी त्यांनी देवाकडे काही मागितलं. मुंबईतल्या कितीतरी मराठी शाळांत आजही शाळा सुटायच्या आधी पोरं ते घाईघाईत म्हणून टाकतात. त्यात एक ओळ आहे: ‘जो जे वांछील तो ते लाहो । प्राणिजात’. ज्याला जे हवं असेल ते त्याला मिळो. अठरा अध्याय इच्छा सोडा असं समजावून झाल्यावर! ही ओळ मला पूर्वी खटकायची. विद्वान मंडळी तिचा अर्थ असा लावतात, की आधी दुष्टांचं दुष्टपण गेलेलं आहे, अंधार गेलेला आहे, मग उरलेल्या वांछा चांगल्याच असणार. असेल तसं. पण मला त्यात एक मोकळा झालेला माणूस दिसतो, ज्याला आता दुसऱ्यांच्या इच्छांची भीती वाटत नाही. स्वतःसाठी मागायचं काही उरलं नाही म्हणून तो सगळ्यांच्या वतीने मागत बसलाय. आणि ते मिळेल एवढ्या आश्वासनावरच ‘ज्ञानदेवो सुखिया जाला’.

देऊबाई पाटील कोण ते फारसं कुणाला माहीत नाही. प्रभादेवीचं सिद्धिविनायकाचं मूळ देऊळ 1801 साली बांधलं गेलं ते या बाईंच्या पैशातून, लक्ष्मण विठू यांच्या हातून. देऊबाई आगरी समाजातल्या, पैशाने बऱ्या, पण मूलबाळ नव्हतं. ज्या बायकांना मूल होत नाही त्यांना या गणपतीच्या कृपेने ते व्हावं, या इच्छेने त्यांनी देऊळ उभारलं असं सांगतात. स्वतःची वेळ बहुधा निघून गेलेली असावी. त्या काळात निपुत्रिक बाईला काय काय ऐकावं लागत असेल ते सांगायला नको, आणि तिच्याकडे पैसा असेल तर जरा जास्तच. त्यांनी ती इच्छा मारली नाही, गिळली नाही, कडूही होऊ दिली नाही. स्वतःचं नाव त्यातून काढलं आणि इच्छा तशीच्या तशी दुसऱ्यांच्या नावावर करून दिली. दोनशेहून जास्त वर्षं झाली, बायका येतायत, मागतायत. निष्काम कर्माची उदाहरणं द्यायची वेळ आली की आपण जनकापर्यंत मागे जातो. दादरहून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक आहे, तिचं नावही आपण घेत नाही.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. ‘माका आता काय्येक नको’ हे तिचं पालुपद. ते म्हणून झालं की लगेच चहात साखर कमी आहे असंही सांगते. बाणगंगेवर झालेला प्रकार तिच्या मनात घट्ट बसला आहे. गेल्या वर्षी तिने मला एक वही आणायला लावली आणि म्हणाली, ‘बाय, लिहून घे. माझ्या येळाक कावळ्याक ताटकळत ठेवू नकात. ह्या सरळ वाचून दाखवा.’ मी हसले, ती हसली नाही. तेव्हापासून ती यादी चालू आहे. पहिल्या पानावर बडी बडी कलमं होती: गावच्या देवीची ओटी, नातवाची मुंज, भाऊ आणि काकांच्या मुलाने जमिनीवरून भांडू नये. ओटी मी जाऊन भरून आले, तिने त्यावर काट मारली. मुंज झाली, काट मारली. जमिनीचं तिने दोघांना समोर बसवून स्वतःच बोलून टाकलं, कावळ्यापर्यंत जाऊ दिलं नाही, आणि त्यावरही काट मारली, जरा जोरातच. मध्ये एकदा देऊबाईंची गोष्ट मी तिला सांगितली. शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘बरा केल्यान.’ त्यानंतर तिने आपल्या बांगड्या मोडून त्याचं काय करायचं ते लिहायला सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, तिने बजावलंय.

काट मारलेल्या कलमांखाली आता बारीकसारीक उरलं आहे. परवा वही उघडली तर नवीन नोंद, धाकट्या नातवाच्या अक्षरात: ‘शेजारच्या वहिनींचं पुरणयंत्र परत देणे’. वहिनी चाळ पाडली तेव्हाच विरारला गेल्या. पुरणयंत्र आपल्याकडेच राहिलंय हे मला माहीतही नव्हतं. मी म्हटलं, अगं, यासाठी कावळ्याला कशाला तसदी द्यायची, रविवारी मी विरारला जाऊन देऊन येते.

‘आताच नको गो बाय,’ आई म्हणाली. ‘शिमगो होऊं दे.’